गच्चीवरची काळी माती

अठरा पोती काळी माती चार मजले वर नेणं म्हणजे काय, ते ज्यानं नेली त्यालाच कळतं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. पण लिफ्टच्या दारावर 'सिमेंट, वाळू, विटा नेऊ नये' अशी पाटी आहे. मातीचं नाव त्यात नसलं तरी पहिलं पोतं लिफ्टपाशी टेकवताच दोन बिऱ्हाडांतून डोकी बाहेर आली आणि मातीही त्यातच धरायची असते हे आम्हाला समजावून सांगण्यात आलं. मग माझा नवरा, वडील आणि मी, तिघांनी ती जिन्यानं नेली. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा तेव्हा पासष्टीच्या पुढं होते आणि सगळ्यात जास्त पोती त्यांनीच वाहिली. जरा थांबा म्हटलं की म्हणायचे, "थांबलं की पोतं आणखी जड होतं."

ही माती आमची होती. 'आमची' हा शब्द माझ्या घरात फार जुना नाही. आमचं गाव देवगाव रंगारीजवळचं. आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या शिवारात काम केलं. दादांनी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या, विहिरी खोदल्या, आणि चाळिशी ओलांडल्यावर दोन एकर घेतलं. काळीभोर जमीन. मी त्यांची थोरली मुलगी, आणि आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पहिली पदवीधर. बीएस्सी, वनस्पतिशास्त्र. मग बीएड. आता औरंगाबाद शहरात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. बीड बायपासला चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, त्याच्या कागदावर नवऱ्याच्या बरोबरीनं माझं नाव आहे. हे मी मुद्दाम सांगते. ज्यांच्या घरात आधीपासून पदव्या टांगलेल्या असतात त्यांना ते सांगावं लागत नाही.

गच्चीवर भाजी लावायची हे माझ्याच डोक्यातलं. नर्सरीवाल्यानं मला नारळाच्या भुश्याचं आणि गांडूळखताचं मिश्रण दाखवलं. हलकं असतं, गच्चीला तेच बरं, म्हणाला. मी सहज म्हणून फोनवर दादांना सांगितलं. पलीकडून आधी हसू आलं, मग आवाज.

"माती इकत घेती? आपल्या घरी माती असताना?"

"ती माती नसते दादा, नारळाचा भुसा असतो."

"भुश्यात झाड लावत्यात व्हय औरंगाबादेत? गादी शिवायची का झाड लावायचं?"

आठच दिवसांत आल्याच्या गोण्या घेऊन बाजाराला निघालेल्या एका पिकअपमध्ये मागं अठरा पोती टाकून दादा दारात हजर. नवऱ्यानं नंतर सांगितलं, पहिलं पोतं वर उघडलं तेव्हा दादांनी चिमूटभर माती कपाळाला लावली आणि मग झाडांसाठी आणलेल्या ड्रममध्ये ओतली. मी तेव्हा चहा टाकायला खाली आले होते. मला नर्सरीवाल्याचं बोलणं आठवत होतं. पण बापानं पाठीवरून आणलेल्या मातीत खोट कशी काढायची? आणि खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. शहरातल्या इमारतीच्या डोक्यावर आमची माती.

निळे प्लास्टिकचे ड्रम आधीच आडवे अर्धे कापून घेतले होते. खाली विटा लावल्या होत्या, बुडाला भोकं पाडली होती. आमच्या घरावरच्या गच्चीत पाण्याच्या टाक्या आणि सोलरची पॅनलं आहेत, म्हणून ड्रम पलीकडच्या अर्ध्या भागात ठेवले. त्या अर्ध्या भागाच्या खाली खाला राहतात. खाला, म्हणजे मावशी, आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या. माहेर दौलताबादचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा आणि सून दोघंही कामाला. दिवसभर घरात त्या एकट्या.

पहिल्या हिवाळ्यात मेथी अशी आली की मी ती शाळेत नेऊन वाटली. पालक झाला, वांगी लागली. स्टाफरूममध्ये मी एकदा नाही, चारदा सांगितलं असेल की ही आमच्या शेतातल्या मातीतली आहे. कुणी विचारलं नव्हतं.

मग उन्हाळा लागला.

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, हे शहरात राहणाऱ्याला सांगायला नको. पाणी यायच्या दिवशी सगळी बिल्डिंग बादल्या, टाक्या, पातेली घेऊन पळत असते. मी त्या दिवशी झाडांना पोटभर पाणी घालायची, आणि मग पुढच्या पाण्यापर्यंत ती तशीच. मार्चअखेर ड्रममधली माती आवळायला लागली. शेतात काळ्या मातीला भेगा पडतात तशाच, फक्त इथं ती ड्रमच्या भिंतीपासूनच सुटली. चारही बाजूंनी बोट जाईल एवढी फट. वांगी माना टाकायची. मी पाणी ओतायची, ते घटाघटा आत जायचं, आणि संध्याकाळी झाडं पुन्हा तशीच. मी आणखी पाणी घालायची. पाणी घालूनही झाड सुकतं म्हणजे पाणी कमी पडतंय, दुसरं काय असणार?

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी खालांनी दार वाजवलं.

"बेटी, जरा आव. तेरेकू कुछ दिखाती."

त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर, शेगडीच्या शेजारी, एक मोठं पातेलं ठेवलं होतं आणि छतावरून त्यात टप टप पडत होतं. छतावर तपकिरी डाग, पसरलेल्या धिरड्यासारखा.

"बाहेर बारिश हाय का?" खालांनी विचारलं.

"नाही."

"हौ ना. आसमान कोरडं. मग हे कुठून आलं? जन्नत से?"

मी म्हटलं, "खाला, वॉटरप्रूफिंग जुनं झालंय बिल्डिंगचं. टाकी भरून वाहत असेल."

"टाकी तेरे सर पे है बेटी. मेरे सर पे तेरे बैंगन हैं."

मला राग आला. तो बोलण्यात उतरला. "मी सायन्स शिकवते, खाला. ड्रमखाली विटा आहेत, गच्चीला उतार आहे. पाणी असं कुठंही जात नसतं."

खाला चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पातेलं उचललं, मोरीत रिकामं केलं, परत जागेवर ठेवलं. "तू सायंस सिखाती, मैं पातेला खाली करती. दिन में तीन बार."

त्याच आठवड्यात सोसायटीची बैठक झाली. आमचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी खालांचं छत बघून घेतलं होतं. मी टाकीचं सांगायला लागले तर म्हणाले, "मॅडम, मी जन्मभर कालव्याच्या गळत्या शोधल्या. टाकी भरून वाहिली तर पाणी तुमच्या घरात येईल. तुम्हाला पंधरा दिवस देतो. गळती थांबली तर बघू, नाही थांबली तर ड्रम खाली आणि गच्ची मोकळी. पावसाळ्यात मग लोकांची बोलणी आम्हाला ऐकून घ्यायला लावू नका."

कुणीतरी मागून म्हणालं, "शेती करायची तर गावाकडं करावी."

हे वाक्य मला लागलं. शाळेत असल्यापासून वेगवेगळ्या तोंडांतून मी ते ऐकत आले आहे. पण घरी आल्यावर त्याहून जड गोष्ट लक्षात आली. पंधरा दिवसांनी नुसते ड्रम उतरणार नव्हते. दादांना फोन करून सांगावं लागणार होतं की तुमची माती लोकांना नको झालीय.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी बादली घेऊन वर गेले, तर मागून खाला जिना चढत होत्या. गुडघ्यावर हात ठेवून, दर पायरीला "या अल्ला" म्हणत. वर येऊन एका पालथ्या बादलीवर बसल्या.

"डाल पानी. मैं देखती."

मी वांग्याच्या ड्रममध्ये बादली ओतली. अर्ध्या मिनिटात ड्रमच्या बुडातून काळं पाणी बाहेर आलं. जेवढं ओतलं जवळजवळ तेवढंच.

"पेड ने पियाच नै," खाला म्हणाल्या.

मी खुरप्यानं ड्रमच्या मधोमध उकरलं. वीतभर खाली माती खडखडीत कोरडी होती, दगडासारखा एकच गोळा. पाणी त्याला शिवतच नव्हतं. ते फटीतून थेट खाली जात होतं. खालांनी बोट केलं, तिकडं मी बघितलं. काळं पाणी उतारानं गच्चीच्या कोपऱ्यातल्या पाइपच्या तोंडाशी जाऊन थांबलं होतं. मी जाळी उचलली. आत कुंभारानं बसवल्यासारखा काळ्या मातीचा बूच. ड्रममधून महिनोन्‌महिने वाहून आलेला गाळ. पाणी तिथं तुंबत होतं, तिथंच लादीला बारीक चीर गेली होती, आणि त्या चिरेच्या बरोबर खाली खालांची शेगडी.

मी तशीच उकिडवी बसून राहिले. आठवीच्या मुलांना मी दरवर्षी लिहून देते: काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते, वाळली की आकसते व तिला भेगा पडतात. हे वाक्य मला झोपेतसुद्धा येईल. त्याला प्रश्नपत्रिकेत दोन गुण असतात.

"खाला, चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी त्या दिवशी तुम्हाला वाकडं बोलले."

"बोली ना. पढ़ी-लिखी बच्ची हो, बोलेंगीच." मग हसून म्हणाल्या, "मेरे अब्बा किल्ले के नीचे सीताफल के बागां लेते थे. सब पत्थर, मुरूम. लोगां बोलते, काली मिट्टी डालो, फल मोटा आयेगा. एक साल डाले. झाडां सड गये. अब्बा बोले, मिट्टी बुरी नै, जगा गलत."

दादांना फोन करायला मला दोन दिवस लागले. फोनवर मी फक्त एवढंच म्हणाले की या. ते दुसऱ्या दिवशी एसटीनं आले, आणि पाणीही न पिता वर गेले.

ड्रमपाशी बसून त्यांनी फटीत बोट घातलं. पूर्ण आत गेलं. मग ढेकूळ फोडून बघितलं. मी पाइप, चीर, खालांचं छत, अध्यक्षांचे पंधरा दिवस, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"कोण म्हणलं तुला ही माती डबड्यात भर म्हणून?"

"दादा! तुम्हीच आणली, तुम्हीच ओतली."

"आणली म्या. पर मला वाटलं, तू शिकलेली हायस, तुला ठाव असंल डबड्यात काय भरायचं, काय नाय. मला तव्हाच शंका आलती. काळ्या मातीला खोली लागती. शेतात भेग पडती ती तिच्या कामाची, पाऊस आला का सरळ पोटात जातो. इथं भेगंच्या खाली काय, तर त्या बाईचा सैपाक. पर म्हणलं, बीएस्सी झालेल्या लेकीला आपण काय शिकवायचं?"

"आणि मला नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं. पण मला वाटलं, तुम्ही आणलीय तर मी कोण बोलणार?"

दादांनी माझ्याकडं बघितलं. "म्हंजे दोघंबी येडे."

आम्ही दोघं हसलो. पण ते लवकर थांबले. हातातलं ढेकूळ तसंच धरून म्हणाले, "मग आता फेकायची व्हय?" आवाज बदलला होता. "लोकाचं रान तुडवत होतो तव्हा चपलंला माती लागली तर झटकून त्यांच्या बांधावर टाकून यायचो माय. का तर ती आपली नाय. ही आपली हाय. ही म्या कचऱ्याच्या गाडीत टाकू देणार नाय."

मी तोपर्यंत फक्त ड्रम वाचवायचा विचार केला होता. तेवढ्यात जिन्यातून "या अल्ला, या अल्ला" ऐकू आलं. खाला एका हातात चहाची किटली आणि दुसऱ्या हातात तीन कप अडकवून वर येत होत्या.

"फेकनेकू कौन बोला?" त्यांनी अर्धं ऐकलेलं होतं. "भाईसाब, इधर आव. नीचे देखो."

आम्ही कठड्याशी गेलो. खाली कंपाउंडच्या भिंतीलगत एक लांब पट्टी आहे. बिल्डरनं तिथं मुरूम आणि विटांचे तुकडे टाकून सपाट केलं होतं. सोसायटीनं त्यात दोनदा झाडं लावली, दोन्हीदा त्यांच्या काड्या झाल्या.

"वहाँ मिट्टी नै, यहाँ मिट्टी जास्ती," खाला म्हणाल्या. "जमीन की चीज जमीन पे डालो ना."

दादा कठड्यावर हात टेकून खाली बघत राहिले. चहा गार झाला. मग त्यांनी विचारलं, "रुंदी किती हाय तिची?"

तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

अध्यक्षांची परवानगी मागायला दादा स्वतः गेले. अध्यक्ष म्हणाले, काळी माती इमारतीच्या पायाला लागू द्यायची नाही, फुगली की भिंत उचलते. दादा म्हणाले, मला माहितेय. भिंतीपासून किती लांब, खड्डा किती खोल, मुरूम किती मिसळायचा, यावर दोघं तासभर बोलत बसले. एक जन्मभर पाणी वळवणारा, एक जन्मभर पाण्याची वाट बघणारा. मला दोघांच्यात बोलायला जागाच मिळाली नाही. शेवटी ठरलं: सहा खड्डे, एकास एक मुरूम आणि माती, झाडं भिंतीला त्रास न देणारी. लिंबू, शेवगा, कढीपत्ता.

माती उतरवताना आम्ही जिन्याकडं वळलो, तर अध्यक्ष लिफ्टचं दार धरून उभे. आत प्लास्टिक अंथरलेलं. म्हणाले, "पाटी वर नेण्याबद्दल आहे. खाली आणण्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

ड्रममध्ये काय भरायचं हे मात्र आता मी ठरवलं. नारळाचा भुसा, गांडूळखत, शाळेच्या आवारातला वाळलेला पाला चुरून, आणि बुडाला विटांचे तुकडे. दादांनी एकच हट्ट धरला. प्रत्येक ड्रममध्ये आमची माती चाळून ओंजळभर. "इरजणापुरती," म्हणाले. दुधाला लागतं तेवढी. मी विचार केला, तेवढ्या मातीनं फट पडत नाही, आणि ओंजळी मोजून घातल्या. भरलेला ड्रम त्यांनी एकट्यानं उचलला आणि डचमळले, कारण त्यांनी जड समजून जोर लावला होता. "ह्यात काय हाय का नाय?" ड्रम लोखंडी स्टँडवर, तुळईच्या रेषेत ठेवले. खाली ताटल्या. गवंड्यानं चीर भरून दिली, पाइप साफ केला.

पंधराव्या दिवशी, रविवारी सकाळी, परीक्षा. ही माझ्या आयुष्यातली एकच परीक्षा जिचा अभ्यास मी आधी केला नव्हता. अध्यक्षांनी पाइपच्या तोंडात फडक्याचा बोळा घातला आणि गच्चीच्या त्या भागात चार बोटं पाणी साठवलं. पाण्याचा दिवस होता म्हणून ते जमलं. तीन तास ठेवायचं, म्हणाले. त्यांचा हा नियम होता.

तिसऱ्या तासाला आम्ही सगळे खालांच्या स्वयंपाकघरात माना वर करून उभे. अध्यक्ष, दादा, मी, नवरा, आणि दारात दोन शेजारी. खालांनी सगळ्यांसाठी चहा चढवला होता.

"मेरी गर्दन दुखी," खाला म्हणाल्या. "छत नै, चांद देखरे जैसा."

तेवढ्यात दिसलं. शेगडीच्या वर, जुन्या डागाच्या कडेला, एक थेंब. हळूहळू फुगत होता. दारातल्या शेजाऱ्यानं "हं" असं केलं, नुसतं हं. दादांनी टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, झालं.

अध्यक्ष स्टुलावर चढले. बोटानं थेंब पुसला, बोट नाकाशी नेलं, मग खाली चहाच्या पातेल्याकडं बघितलं. त्यातून वाफ सरळ वर जात होती.

"गॅस बंद करा," ते म्हणाले. "चहाचा थेंब आहे हा. वेलदोड्याचा वास येतोय."

खालांनी गॅस बंद केला. अध्यक्षांनी छत फडक्यानं कोरडं केलं. आम्ही आणखी अर्धा तास उभे राहिलो. चहा तसाच प्यालो, छताकडं बघत. थेंब परत आला नाही. डाग हाताला कोरडा लागत होता, चुन्याची पापडी सुटून खाली आली.

"राहू द्या ड्रम," अध्यक्ष म्हणाले. "पण दरवर्षी उन्हाळ्यात या छताखाली उभं राहून खालांना विचारायचं. त्या हो म्हणाल्या तर पुढचं वर्ष."

"मैं हौ बोलती," खाला म्हणाल्या. "पुदीना मेरे तरफ के डब्बे में."

मी वळून बघितलं तर दादा तिथं नव्हते. वर गेले तर ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते. त्यांनी पाइपच्या तोंडातला बोळा ओढून काढला. पाणी गोल फिरत आत जायला लागलं, स्वच्छ, तळाची फरशी दिसेल असं. ते सगळं जाईपर्यंत आम्ही बघत राहिलो.

मग हात पुसत त्यांनी ड्रमांकडं बघितलं. "मे महिना हाय. ह्या भुश्यात आता काय येईल?"

"तुम्ही सांगा ना दादा."

"आता तसं नको. तुला ठाव हाय का?"

मी ड्रममध्ये बोट घातलं. सैल, गार, ओलसर. अशा मिश्रणात, अशा उन्हात काय तग धरतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "मला माहीत नाही."

"मलाबी नाय," दादा म्हणाले, आणि आम्ही दोघं खालांना विचारायला जिना उतरलो.